मेंढीचा मेंदू आणि प्रोफेसरांचा अंगठा

"सहा मेंदू खराब आहेत," एमोके बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या त्या प्रयोगशाळेत अकरा आठवडे त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. बारा मेंढ्यांच्या डोक्यांवर अल्ट्रासाउंडचं यंत्र धरून झालं होतं. सहांवर चालू, सहांवर बंद. हा उपचार माणसांवर करण्याआधी मेंदूच्या पेशींना इजा होते का, ते पाहायचं होतं. कुठल्या मेंढीवर यंत्र चालू होतं, हे बाईंना मुद्दामच सांगितलेलं नव्हतं; ती यादी एका बंद लिफाफ्यात होती. इजा निघाली तर सगळं पहिल्यापासून. आणि शनिवारपासून बाईंची बालाटोन तळ्यावर जायची रजा होती, तीन वर्षांतली पहिली.

"बरोब्बर सहा?" प्रोफेसर कालनोकी मटकन खुर्चीत बसले. "संपलंच मग. फोडा तो लिफाफा."

लिफाफा फुटला. खराब निघालेले सहाही मेंदू यंत्र बंद असलेल्या मेंढ्यांचे होते.

प्रोफेसर ताडकन उठले. "अहो, म्हणजे अल्ट्रासाउंडनं मेंदू टिकतो! जगाला कळवायला हवं!"

"सर, बसा," बाई म्हणाल्या. "ताजा मेंदू दाबला की पेशी अशाच आक्रसून काळ्या पडतात. चोंगोर, मेंदू बाहेर काढल्यावर त्याचं काय करायचात?"

चोंगोर हा मिशाळ तंत्रज्ञ. पेन्शनला वर्ष उरलेलं, त्यामुळे खरं बोलायला मोकळा.

"यंत्र चालू असेल त्या दिवशी लगेच फॉर्मलिनमध्ये, बाई. कोणाला हात लावू द्यायचो नाही. बंदवाल्यांना काय, त्यांना काही केलेलंच नसायचं. ते सर पाहुण्यांना दाखवायचे."

"कसे?"

"तळहातावर घेऊन, अंगठ्यानं दाबून. 'बघा, किती मऊ!'"

"सगळेच दाबतात," प्रोफेसर पुटपुटले.

बाईंनी प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीला खरं ते कळवलं: इजा अल्ट्रासाउंडची नाही, अंगठ्याची. गुरुवारी उत्तर आलं. समितीला म्हणणं पटलं होतं, फक्त पुरावा हवा होता. नव्या बारा मेंढ्या घ्याव्यात. सहांचे मेंदू अंगठ्यानं दाबावेत, सहांवर अंगठा नुसता धरावा.

बाईंनी रजेचा अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: मेंढ्या, नग बारा.

प्रोफेसर दारात घुटमळले. "एमोके, आता खोटं कशाला बोलू... कधी कधी मी डावा अंगठाही वापरायचो."

बाईंनी बारा खोडलं आणि चोवीस केलं.