नागोअण्णाचं दगडाचं ताट

अहो, जरा जवळ सरकून बसा. वालूरच्या बाजाराला येता, अन् तिथून दोन कोसावरचं आमचं गाव लांब वाटतं व्हय? ही काय रीत झाली?

आलात तर शेजारच्या नागोअण्णांकडं जेवायला नेईन. फक्त दात सांभाळा. ताट भरलेलं असतंय, पण समदं दगडाचं!

दुधना नदीच्या पात्रातून वेचलेल्या गारगोट्या. तांबूस करंजी, खरबरीत धपाटं, पांढरीफेक भाताची मूद. आपण दगड म्हणलं की अण्णा चिडलेच. "दगड कुठाय? नीट बघा की वैनी!"

एकदा मी हौसेनं एक गोल गोटा नेला. "घ्या अण्णा, लाडू." त्यांनी तो फिरवून बघितला, चक्क हुंगला. "कच्चा हाय वैनी." अन् तेवढ्यासाठी नदीवर जाऊन पाण्यात सोडून आले. "दोन पूर खाऊ द्या त्याला. मग पिकंल."

त्यांची सून परभणीची, नवी नवरी. तिनं ताटातला बटाटा खरा समजून उकडायला टाकला. तास झाला, सरपण संपलं, बटाटा काही मऊ होईना. पोरगी रडकुंडीला आली. अण्णा मात्र लय खूश. "सुगरण फसली, म्हणजे बटाटा पास!"

ताटं मात्र दोन. दुसऱ्या पाटावर अण्णा कुणालाच बसू देत न्हाईत. एकदा खोदून विचारलं, तवा बोलले.

काशिनाथ गुरुजी त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. बौद्धवाड्यातले, आमच्याच शाळेत मास्तर. दर रविवारी दोघं नदीवर आपापला डबा सोडून जेवायचे. "नागू, ही बघ जिलेबी," असं दगड दाखवून गुरुजींनीच हे वेड लावलं. गुरुजींचं स्वतःचं वेड वेगळं. चटणी बांधलेला कागदसुद्धा वाचल्याबिगर टाकायचे न्हाईत.

पण अण्णांच्या घरी गुरुजी ओसरीपर्यंतच. अण्णांच्या आईला चालत नव्हतं, अन् अण्णांनी कधी तोंड उघडलं न्हाई.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव बौद्धवाडे पेटले, तवा गुरुजींनी बायकापोरांना घेऊन गाव सोडलं. बैलगाडी अण्णांच्या दारावरून गेली. अण्णा भिऊन आत कडी लावून बसलेले.

"गुरुजींनी गाडी थांबवली होती वैनी," अण्णा म्हणाले. "चाकं थांबल्याली ऐकू आली मला. लय वेळ थांबली होती."

औंदा संक्रांतीला नामांतर झाल्याची बातमी रेडिओवर आली, अन् अण्णा माझ्या दारात. "वैनी, तुमाला लिहायला येतं. ताटाचं लिहा."

"पाठवायचं कुठं? पत्ता हाय का?"

"पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? छापायला द्या. गुरुजी कागद वाचल्याबिगर टाकत न्हाईत."

म्हणून लिहायलेय. गुरुजी, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद म्हणून का होईना, हे तुमच्या हाती लागलं तर ऐका. पाट ओसरीवर न्हाईत. मधल्या घरात, चुलीसमोर मांडलेत. दिवसभर कडी काढलेली असती. रस्त्यावर गाडी थांबली की अण्णा उठून बघायलेत.

तुमी या, दगड मी उचलते. धपाटे खरे करते, गरम गरम. पण लवकर या हो.