पंख्याचा आवाज मारणारा कर्णा

मी वाचायला शिकलो साठाव्या वर्षी, त्यामुळे छापलेल्या गोष्टीवर माझा अजून पूर्ण विश्वास आहे. आवाजाने आवाज मारता येतो, हे नातीच्या शास्त्राच्या पुस्तकात वाचलं आणि त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं, की वरच्या बाईंचा प्रश्न मिटला.

प्रश्न असा होता. तळमजल्यावर आमची लॉन्ड्री. दवाखान्याच्या चादरी सकाळी येतात आणि संध्याकाळी कोरड्याठाक परत जातात. ही करामत वाळवणीच्या खोलीतल्या मोठ्या पंख्याची. तो सुरू झाला, की सगळी इमारत दाढ दुखणाऱ्या बैलासारखी हुंकारते. वरच्या बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आता ऐकणार नाही, म्हणाल्या आणि त्यांनी तक्रार ठोकली. बुधवारी नगरपालिकेचे साहेब स्वतःच्या कानांनी ऐकायला येणार होते. त्यांना आवाज जास्त वाटला तर पंखा बंद. पंखा बंद झाला की चादरी बंद, आणि मग लॉन्ड्रीत उरणार मी, बायको आणि दोन इस्त्र्या.

"आवाज म्हणजे लाट," मी बायकोला समजावलं. "एक लाट वर चढताना दुसरी बरोबर खाली उतरवली, की दोन्ही मिळून सपाट. उष्णतासुद्धा वस्तूच्या आतली बारीक थरथरच असते. तिच्या लाटाही एकमेकींना अडवू शकतात."

"अस्सं? मग त्या दोन तापलेल्या इस्त्र्या समोरासमोर धरा. गार होतात का बघू."

धरल्या. पुस्तकात इस्त्रीचं नाव कुठेही नव्हतं, हे बोटाला फोड आल्यावर लक्षात आलं.

आवाजाचं मात्र जमलं. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून एक माइक आणि एक कर्णा आणला. माइक पंख्याजवळ ठेवला, कर्णा खिडकीत वर तोंड करून. पंख्याचा आवाज कर्ण्यातून उलटा निघावा म्हणून कर्ण्याच्या तारा मुद्दाम उलट जोडल्या, तांबडीच्या जागी काळी आणि काळीच्या जागी तांबडी. मग बाईंच्या खोलीत जाऊन कान टवकारून फिरलो. दारापासून चौथ्या फरशीवर हुंकार एकदम गायब! मी तिथे खडूने गोल काढला.

बाई पलंगावरून बघत होत्या. "इथे तर पहिल्यापेक्षा वाढलाय."

"तिथे दोन्ही लाटा एकत्र चढतात, बाई."

"मग मी त्या गोलात उभ्याने झोपू?"

"तिथे फक्त साहेबांची खुर्ची ठेवू द्या."

"ठेवा. पण मला विचारलं तर मी खरं तेच सांगणार."

बुधवारी साहेब आले. मी त्यांना आदराने वर नेलं, खुर्चीचे चारही पाय गोलात आहेत ना ते पाहिलं, साहेबांना बसवलं आणि जिन्यातून बायकोला पंखा लावायला सांगितलं.

साहेबांच्या मांडीवरचं पेन घरंगळत खाली गेलं. चष्मा नाकावर नाचू लागला. मी धावत जिन्यात गेलो. खालून बायको हसतमुखाने म्हणाली, "अहो, जावईबापू आलेत. विजेचंच काम करतात ना, आल्या आल्या त्यांना दिसलं. तारा उलट्या होत्या, सरळ करून दिल्या बघा!"

तारा सरळ झाल्यावर, जिथे लाटा एकमेकींना मारत होत्या तिथे त्या आता खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. इमारतीतली सगळ्यात आवाजी फरशी आता चौथी होती आणि तिच्यावर मी सरकारी माणूस बसवला होता.

"तक्रारदार कुठे आहेत?" साहेब ओरडले.

बाई पलंगावर गाढ झोपल्या होत्या. तीनदा हलवल्यावर उठल्या.

"कोणी उठवलं? कित्येक महिन्यांनी डोळा लागला होता. आज पंखा बंद ठेवलात ना?"

"चालू आहे, बाई."

"हा चालू आहे? मग माझी काही तक्रार नाही. असाच राहू दे."

तारा फिरल्या तशा पलंगावरच्या लाटा सपाट झाल्या होत्या. मला हायसं वाटलं. "साहेब, तक्रारदार समाधानी आहेत. आपणही जरा पलंगाकडे येऊन ऐका."

"मला इथे तपासणीला पाठवलंय, पलंगावर नाही," साहेब जागेवरूनच म्हणाले. मग त्यांनी तक्रारीच्या कागदावरचं बाईंचं नाव खोडलं, तिथे स्वतःचं लिहिलं आणि खाली सही केली. पंखा आठ दिवसांत उतरवायचा हुकूम झाला.

जेवताना जावईबापू म्हणाले, "मामा, एक विचारू? तारा इतक्या चुकीच्या जोडल्या होत्या कोणी?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी पुढ्यातला घास संपवला.

"रेडिओ दुरुस्तीवाल्याने," मी म्हणालो.