सावलीत सरकवलेली पेटी

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं बाबांनी रत्नागिरीहून परत येताना तीनदा बजावलं होतं. कोराडीत तर मुळीच नाही. (मी सांगत नाहीच आहे. फक्त लिहिते आहे. त्यात फरक असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.)

मी केलं ते अगदी लहान काम होतं. एक पेटी उन्हातून सावलीत सरकवली. फार तर सहा हात.

बाबा नागपूरजवळच्या कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून आहेत. आम्ही तिथल्याच कॉलनीत राहतो. खिडकीवर बोट फिरवलं की बोटाला राख लागते, पण डोक्यावरचा पंखा रात्रंदिवस फिरत असतो. या मे महिन्यात समुद्र पाहायचं ठरलं, तेव्हा ऑफिसातल्या गिरिधरकाकांनी एक पत्रक दिलं. 'यमुताईंचं घर, रत्नागिरी. राहण्याची सोय व सकाळची न्याहारी.' खाली बारीक अक्षरात 'निसर्गाला त्रास न देता' असं छापलं होतं. ते बाबांनी वाचलं नाही. मी वाचलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही आणि न विचारता बोलायची मला सवय नाही.

यमुताईंकडे न्याहारीचे घावन गोबर गॅसवर होत. अंघोळीचं पाणी केळीला जाई, म्हणून साबणाला बंदी होती. वाटीभर रिठे मिळत. बाबांनी मात्र खोलीत शिरल्या शिरल्या छताकडे पाहिलं.

"पंखा कुठं आहे जी?"

"खिडकी आहे ना," यमुताई म्हणाल्या. "समोर एवढा समुद्र आहे, तोच वारा घालतो."

बाबा खिडकीत जाऊन उभे राहिले. समुद्र त्या दिवशी रजेवर होता.

"अवं, ऐकून राहिली का?" सदरा पिळत ते आईला म्हणाले. "साऱ्या विदर्भाले वीज देतो मी, अन् मलेच पंखा नाही!"

"तुम्ही रजिस्टर भरता," आई म्हणाली. "वीज कोळसा देतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. न्याहारीला यमुताईंचे दीर मधुसूदनकाका आले. त्यांना या घराचं लॉज करायचं होतं. प्रत्येक खोलीत पंखा आणि ट्यूबलाइट. यमुताईंनी अकरा वर्षं घर असंच चालवलं होतं आणि पुढेही त्यांना ते असंच चालवायचं होतं. शेवटी दोघांत ठरलं होतं की दुपारी महिला मंडळाच्या बारा बायका येतील आणि यमुताई त्यांना उन्हाच्या कुकरमधला वरणभात वाढतील. शिजला, तर घर आहे तसं राहील. नाही शिजला, तर सोमवारी वायरमन.

हे ऐकल्यापासून बाबांना मधुसूदनकाकांबद्दल फारच जिव्हाळा वाटू लागला. त्यांनी स्वतःचा एक घावनही काकांच्या पानात घातला.

साडेनऊला मी मागच्या अंगणात गेले. तिथे भर उन्हात एक काळी पेटी उघडी पडली होती. झाकणाला आतून मोठा आरसा होता आणि काचेखाली काळ्या डब्या होत्या. मला वाटलं, फणी-कुंकवाची फणेरपेटी. यमुताईंच्या लग्नातली असणार. (काजळाच्या डब्या तांब्याएवढ्या का, हा विचार मी केला नाही. कुकर म्हणजे शिट्टी, एवढंच मला माहीत.) आमच्याकडे मे महिन्यात उन्हात विसरलेली वस्तू दिसली की आधी ती सावलीत न्यायची आणि कोणाची ते मग विचारायचं. मी झाकण लावलं, पेटी फणसाखाली ओढली आणि वर ओलं पोतं टाकलं. कोणाचं तरी भलं केल्याचं समाधान मला पावणेबारापर्यंत पुरलं.

पावणेबाराला पडवीत बायका जमल्या आणि यमुताई सांगू लागल्या, "उन्हाचा कुकर म्हणजे काय हो, साधी काळी पेटी. झाकणाला आरसा..."

पुढचं मी ऐकलं नाही. धावत मागे गेले, पोतं काढलं, पेटी उन्हात ओढली आणि झाकण उघडून आरसा होता तसा केला. आता माझ्या मूर्खपणाचा पुरावाही उरला नव्हता. भात मात्र उरला होता, कच्चा.

यमुताईंनी पेटी पडवीत आणून डबी सर्वांसमोर उघडली. तांदूळ पाण्यात आरामात बसले होते. डाळ तळाशी खड्यांसारखी.

"काल शिजला होता हो," यमुताई हळू आवाजात म्हणाल्या.

"वहिनी, वायरमनला निरोप धाडू ना?" मधुसूदनकाकांनी विचारलं.

मी बाबांना कोपऱ्यात ओढून सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला.

"कोणी पाह्यलं का तुले?"

"नाही."

"मग गप राह्य. पंख्याचा सवाल आहे."

यमुताई डबीचं झाकण पुन्हा पुन्हा लावत होत्या आणि काढत होत्या. मला ते बघवेना. पण बारा अनोळखी बायकांपुढे बोलणं मला जन्मात जमलं नसतं. म्हणून मी वहीचं पान फाडलं आणि लिहून दिलं. यमुताईंचा चष्मा आत होता. त्यांनी पान काकांना दिलं. काकांना वाटलं, पाहुण्यांचा अभिप्राय असेल. त्यांनी घसा साफ करून मोठ्याने वाचलं.

"प्रति, माननीय यमुताई. विषय : पेटी सावलीत सरकवल्याबद्दल. महोदया, वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, आज सकाळी साडेनऊ वाजता आपला कुकर उन्हात असल्यामुळे मी तो सावलीत ठेवला व वर ओलं पोतं घातलं. आमच्या नागपूरला तसं करतात. तरी कृपया वायरमनला बोलावू नये. आपली आज्ञाधारक, उत्तरा रुपराव ढोबळे, इयत्ता नववी अ."

(शाळेत अर्ज लिहायचा एवढा एकच नमुना शिकवला आहे. त्याला मी काय करू?)

मग मनकर्णाबाई नावाच्या एक जाड्या बाई म्हणाल्या, "म्हणजे पोरीने भाताला ऊन लागू नये म्हणून जपलंन् होय गो!" आणि सगळी पडवी हसायला लागली. यमुताई तर पदराने डोळे पुसत होत्या. हसून की कशाने, ते मला कळलं नाही.

"काढा पेटी उन्हात," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून. आणि राखण ही नववी अ करील."

तीन वाजेपर्यंत बायकांनी गाणी म्हटली आणि मी दर अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे वळवली. तीनला झाकण उघडलं तेव्हा डब्यांतून अशी वाफ आली की आरसा आंधळा झाला. काकांनी मुकाट्याने पान मांडून घेतलं. बाबांनी तीनदा भात घेतला.

"तुम्ही वीजकेंद्रातले," यमुताई म्हणाल्या. "खरं सांगा, कसा झालाय?"

बारा बायका बाबांकडे बघू लागल्या.

"फस्क्लास," बाबा म्हणाले.

"मग एक पेटी घेऊनच जा नागपूरला!"

नाही म्हणायला बाबांचं तोंड रिकामं नव्हतं. पेटी एस.टी.च्या टपावरून, मग रेल्वेतून, कोराडीला आली. वीजकेंद्राच्या कारकुनाघरी उन्हावर वरण शिजतं, हे कॉलनीत कळलं तर बाबांना तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून तर ही सगळी गुप्तता. शेजारच्या इंदुताईंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "फणेरपेटी आहे जी."

आता ती आमच्या गच्चीवर असते. काचेवरची राख पुसणं आणि अर्ध्या तासाने पेटी वळवणं हे काम माझ्याकडे आहे. आज गिरिधरकाका जेवायला येणार आहेत. नऊला वरण लावलं आणि जिन्यात सावलीला बसून, एकच पान लिहावं म्हणून मी वही उघडली. हे अकरावं पान. एक गोष्ट मात्र अभिमानाने नमूद करते की, रत्नागिरीच्या त्या दिवसापासून या पेटीवर मी कधीही सावली

"उत्तरा! अवं उत्तरा! टाकीच्या सावलीत थंडगार पडून राहिली ना पेटी! गिरिधरभाऊजी खाली येऊन बसले, अन् तू काय करून राहिली तिथं?"

आले गं आई! तर मी लिहीत होते की, या पेटीवर मी कधीही