होकाकांची अवज्ञा

मेमो हातात पडला तेव्हा होकाका पाकिटांना गोंद लावत होते. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मग बोटाला लागलेल्या गोंदासकट कपाळाला हात लावला.

‘आपण वरिष्ठांच्या आदेशाची जाणीवपूर्वक अवज्ञा केली आहे. तीन दिवसांत खुलासा करावा.’

अवज्ञा! अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कुणीही काहीही सांगितलं तरी ‘हो’ म्हणायचं, म्हणून ज्या माणसाचं नावच होकाका पडलं, त्याने अवज्ञा केली! निवृत्तीला अकरा महिने उरले होते. सेवापुस्तक धुतल्या कपड्यासारखं स्वच्छ होतं. आणि आता त्यावर हा डाग.

मुळात झालं होतं ते असं. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद होकाकांच्या टेबलावर येई, जावक नोंदवहीत त्याला नंबर पडे, मगच तो पाकिटात जाई. नव्या साहेबांनी आल्या आल्या लेखी आदेश काढला की, माझ्या सहीशिवाय एकही कागद टेबलावरून हलता कामा नये. होकाका ‘हो’ म्हणाले. मग साहेब दौऱ्यावर गेले आणि तिथून त्यांचा फोन आला.

“ते तातडीचं पत्र आत्ताच्या आत्ता पाठवा.”

“हो साहेब. सही?”

“सही आल्यावर करतो!”

“हो साहेब. मग आल्यावर पाठवतो.”

साहेबांनी फोन आपटला. होकाकांना वाटलं, लाइन गेली. साहेब आले चार दिवसांनी. तोवर पत्राची मुदत टळून गेली होती, आणि वरून साहेबांनाच झाडलं गेलं होतं. म्हणून हा मेमो.

आता मेमो हाही कागदच. तोही जावकमधूनच जायचा, म्हणजे होकाकांनी तो होकाकांना पाठवायचा. अपमानाने कान तापलेले असतानाही त्यांनी नोंदवही उघडली, आणि लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. रागाच्या भरात साहेब सही करायला विसरले होते. होकाकांनी कोपऱ्यात सुरेख अक्षरात लिहिलं, ‘सही नाही, सबब पाठवता येत नाही,’ आणि मेमो साहेबांकडे परत धाडला.

तासाभरात दुसरा मेमो आला. या वेळी सही होती; इतकी होती की कागद फाटला होता. अवज्ञा आता दोन झाल्या होत्या, आणि चौकशी लागली होती.

घरी पोचेपर्यंत होकाका धुमसत होते.

“माझ्यावर अवज्ञेचा आरोप आहे,” त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

“चुकून दुसऱ्या कुणाचा कागद तुम्हाला दिला असेल,” काकू कणीक मळता मळता म्हणाल्या.

“माझाच आहे! नाव आहे माझं!”

“बाबा, अवज्ञा म्हणजे सांगितलेलं न ऐकणं,” मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली. “परवा दुकानदाराने दोन नंबर लहान चप्पल दिली, तर तुम्ही ‘हो’ म्हणून तीच घालून लंगडत आलात.”

“सैल होईल म्हणाला तो.”

मायलेकी हसल्या. होकाका हसले नाहीत. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि नेमका कशाचा राग आलाय तेही उमगेना.

चौकशीला दुसऱ्या ऑफिसातल्या एक बाई आल्या. मोठ्या न्यायी. त्यांनी साक्षी घेतल्या.

“अवज्ञा? हा?” हेडक्लार्क म्हणाले. “अहो बाई, याला माशी हाकलता येत नाही. तिला म्हणतो, जरा सरकता का?”

शिपाई तर कळवळून बोलला. “मी म्हणतो, काका उठा, टेबल पुसायचंय, की लगेच उभे राहतात. एकदा मी पुसायलाच विसरलो. जेवायच्या सुट्टीपर्यंत उभे होते बिचारे.”

‘बिचारे’ हा शब्द होकाकांच्या काळजात मेमोपेक्षा खोल गेला.

आठवड्याने निकाल आला. साहेबांनी होकाकांना केबिनमध्ये बोलावलं, चक्क खुर्ची दिली. साहेबांचा राग आता ओसरला होता.

“मिटलं बघा सगळं. डाग नाही, काही नाही. खाली ‘वाचले, मान्य आहे’ असं लिहा आणि सही ठोका.”

होकाकांनी वाचलं. ‘अवज्ञा करण्यास अंगी काही एक कणा असावा लागतो. सदर कर्मचाऱ्याच्या ठायी तो असल्याचा पुरावा आढळत नाही. सबब निर्दोष.’

होकाकांनी कागद टेबलावर ठेवला. पेन खिशात ठेवलं.

“काय झालं?”

“मान्य नाही.”

“अहो, तुम्ही सुटलात!”

“कुणी सांगितलं सोडायला? फोनवर तुम्ही पत्र पाठवा म्हणालात. मी पाठवलं नाही. तुमचा मेमो आला, मी तोंडावर परत केला. अठ्ठावीस वर्षांत ज्या दोन गोष्टी केल्या, त्याही तुम्ही पुसून टाकता?”

“काका, सही करा. हा माझा आदेश आहे.”

“असेल. करत नाही.”

काचेपलीकडे टायपिंग थांबलं. शिपाई फडकं हातात धरून जागच्या जागी थिजला. साहेबांनी आवाज खाली आणला.

“हे बघा, मग मला नाइलाजाने तुमच्यावर नवा मेमो काढावा लागेल.”

“काढा ना,” होकाका खुर्चीत मागे रेलले. “घ्या लिहायला. मी सांगतो मजकूर.”

साहेबांनी निमूटपणे कोरा कागद पुढे ओढला.