काचेची शेगडी आणि काष्ठमौन

"शिरीऽष! शेगडीला तडा गेलाय!"

शनिवारची सकाळ. चहाचं आधण ठेवायला गेलेली मीनल पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. फ्रँकफर्टच्या त्या भाड्याच्या घरातली शेगडी म्हणजे ओट्यात बसवलेली काळी गुळगुळीत काच. त्या काचेवर आता या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ गेली होती, आणि नकाशातल्या नदीसारखे तिला फाटेही फुटले होते.

शिरीष नुकताच पळून आला होता. घाम पुसत तो आत आला, वाकून त्याने तडा पाहिला आणि शेजारचा खलबत्ता पाहिला. मग फ्रिजजवळच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यासमोर माळ ओढत बसलेल्या, भारतातून पाहुणी म्हणून आलेल्या आपल्या आईकडे पाहिलं.

"आई, वेलदोडे कुटताना बत्ता निसटला का गं?"

शुभदाताईंनी मणी पुढे सरकवला. चातुर्मासात नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा नेम. तोही साधा नव्हे, काष्ठमौन. लाकूड जसं मान हलवत नाही, खुणा करत नाही, कागदावर चार शब्द लिहीत नाही, तसंच.

खरं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. पहाटे पळायला निघताना शिरीष दिवा न लावताच वरच्या कपाटात मध शोधत होता. लोणच्याची बरणी निसटली, काचेवर टक् करून आपटली. बरणी शाबूत राहिली. त्याने ती जागेवर ठेवली आणि कानात गाणी खुपसून तो निघून गेला. काळ्या काचेवरचा तडा त्या अंधारात त्या बिचाऱ्याला दिसलाच नाही. नंतर लावलेल्या निरांजनाच्या उजेडात दिसला तो शुभदाताईंना.

"आईंना कशाला विचारतोस?" मीनल म्हणाली. "या घरात काही फुटलं की आधी तुझे हात बघायचे. बाथरूमचा आरसा कोणी फोडला? ओव्हनचा दांडा कोणाच्या हातात आला? आणखी एक वस्तू तुझ्या हातून गेली ना शिरीष, तर घरमालकाशी तूच बोलायचंस आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस."

"अगं, मी तर बाहेर होतो! आई, तूच सांग ना. बघ, काही बोलत नाही. मौन म्हणजे संमती." मग त्याचा आवाज जरा मऊ झाला. "जाऊ दे, वय झालं की हात कापतात. असं करूया, उद्यापासून आईने स्वयंपाकघरात काही करायचं नाही. नैवेद्य मीनल करेल."

शुभदाताईंचा मणी बोटातच अडकला. देवाचा नैवेद्य त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. तापात दिला नव्हता, मुलाच्या लग्नाच्या गडबडीतही नाही. पण तोंड उघडावं तर व्रत मोडतं, आणि त्यातून सुनेसमोर पोरगा तोंडघशी पडतो. त्यांनी मणी पुढे ढकलला.

"आइनश्पृख! हरकत!"

दारात अन्वी उभी. सातवीतली. सोमवारी शाळेत अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोलायचं होतं म्हणून आठवडाभर घरात तोच घोष चालला होता. हातात कार्डबोर्ड, गालाला निळी शाई.

"बाबा, नियम कोणी केला? तू. आजीला पकडलं कोणी? तू. शिक्षा कोणी दिली? तूच. अमेरिकेत ही तीन कामं तिघांना वाटून दिलीत. काँग्रेस कायदा करते, राष्ट्राध्यक्ष तो राबवतो, कोर्ट न्याय करतं. एकाच माणसाच्या हातात सगळं आलं तर तो राजा होतो. आणि राजाला तर त्यांनी घालवून दिलं होतं."

"हे माझं घर आहे, वॉशिंग्टन नाही."

"घर भाड्याचं आहे," मीनल म्हणाली.

"शिवाय आजी गप्प आहे म्हणजे तिने केलं असं म्हणताच येत नाही. पाचवी दुरुस्ती! कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. गप्प बसणं हा हक्क आहे."

"आपण जर्मनीत राहतो गं."

"इथेही आहे तो. गेनाऊ, अगदी तसाच. आजीला वकील पाहिजे, ती मी. आणि बारा जणांची ज्युरी पाहिजे."

"बारा जणांना चहा कशावर करू?" मीनल म्हणाली.

तेव्हा कुठे शिरीषच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे शेगडी नाही, तर नैवेद्य नाही. नैवेद्य नाही, तर आईचं मौन सुटणार नाही. आणि आई बोलली नाही तर खटला संपणार कसा?"

समोरच्या बाल्कनीत फुटबॉलचा विश्वचषक जिंकल्याचा झेंडा अजून फडफडत होता. त्या घरातून कुणाच्या तरी शिजणाऱ्या कोबीचा वास येत होता.

"आधी हाफ्टफ्लिष्टला फोन लाव," मीनल म्हणाली. आपल्या हातून दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं की भरून देणारा तो विमा. या देशात एक वेळ माणूस छत्रीशिवाय राहील, पण त्या विम्याशिवाय राहणार नाही.

शिरीषने फोन लावला. पलीकडच्या बाई फार शांतपणे बोलत होत्या. शिरीष आधी "जा, जा", म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, म्हणत होता. मग नुसताच "आख सो", असं होय, म्हणाला, आणि फोनवर हात ठेवून त्याने घरच्यांकडे पाहिलं.

"कोणी फोडली विचारतायत. आई म्हटलं तर म्हणतात, पाहुण्यांचं नुकसान विम्यात बसत नाही. फक्त मी, मीनल आणि अन्वी."

"मग सांग, मी फोडली," मीनल म्हणाली.

"खोटी साक्ष!" अन्वी किंचाळली.

"नाही गं, खोटं नाही बोलणार." शिरीष स्टुलावर मटकन बसला. "काय हे नशीब! इतक्या वस्तू फोडल्या मी, आणि नेमकी हीच कशी नाही फोडली? माझ्या हातून फुटली असती तर किती बरं झालं असतं!"

शुभदाताईंनी माळ गोमुखीत ठेवली. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, फळीवरून डबा काढला, चांदीच्या वाटीत चमचाभर साखर घेतली. देवासमोर पाण्याचं मंडल केलं, वाटी ठेवली, डोळे मिटले, हात जोडले. मग वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"तुझ्याच हातून फुटली रे बाळा. पहाटे लोणच्याची बरणी पडली ना, तेव्हाच. तू दिवा नव्हता लावलास."

शिरीषला बरणी आठवली, तो टक् आवाजही. मग तो ताडकन उठला. "हॅलो! मी! मीच फोडली! माझ्या आईने पाहिलंय!" गुन्हा कबूल करताना इतका आनंदलेला माणूस त्या विमावाल्या बाईंनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मीनल मात्र साखरेच्या वाटीकडे बघत होती.

"आई, साखरेचा नैवेद्य चालतो?"

"न चालायला काय झालं? देव भावाचा भुकेला."

"मग मघाशीच का नाही दाखवलात? तुमचं स्वयंपाकघर जात होतं हो! आणि मी मेली याला बोल लावत होते, तो बोल खराच निघाला की."

शुभदाताईंनी साखरेची चिमूट नातीच्या तळहातावर ठेवली. "अन्वी, तुझ्या त्या घटनेत स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही म्हणालीस ना? आईला मुलाविरुद्ध बोलायची सक्ती नाही, असं कुठे आहे का गं?"

अन्वीने साखर तोंडात टाकली आणि कार्डबोर्ड उलटसुलट करून पाहिला. "नवराबायकोचं आहे काहीतरी. आईचं नाहीये, आजी."

"वाटलंच मला," शुभदाताई म्हणाल्या. "म्हणून तर मौन धरावं लागलं."