तिसरी पापी

सकाळपासून गिऱ्हाइकांना बंद ठेवलेलं पावाचं दुकान.

एक पापी डाव्या गालावर, एक उजव्या.

कालच कुरळे करून घेतलेले केस.

गावभर दिलेलं आमंत्रण: "माझा सिनेमा बघायला यायचं हं!"

सिनेमा एका तरुण मुलीच्या रोजच्या जगण्याचा. ती उठते, पाव आणते, खिडकीत बसते. काही म्हणजे काही घडत नाही. मोंपेलिएजवळच्या या गावातल्या ह्युगेतला त्यात काम मिळालं होतं: दुकानाच्या दारात गालांवर पाप्या देऊन मुलीला भेटायचं, तेही पाठमोरं.

"म्हणजे गावाला माझं नुसतं डोकं दिसणार?"

"मावशी, हा त्या मुलीचा सिनेमा आहे," दिग्दर्शक ओरेलियाँ म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. नायिका क्लोतिल्द मूळची पॅरिसची. तिकडच्या रीतीप्रमाणे तिने दोन पाप्या दिल्या आणि ती मागे सरली. ह्युगेत तिसरीसाठी पुढे झाली. पापी हवेत, नाक क्लोतिल्दच्या कानात.

"कट! मावशी, दोनच!"

"आमच्याकडे तीन, साहेब. दोन भांडलेल्या जावेला देतात."

"बरं. तीन दे गं."

क्लोतिल्दने उजवीकडून सुरुवात केली, ह्युगेतने डावीकडून. कपाळावर कपाळ आपटलं. ह्युगेतचा चष्मा पावांच्या टोपलीत.

"आमच्या नाँतला चार असतात," कॅमेरावाला म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?" ओरेलियाँ खेकसला.

पण क्लोतिल्दच्या डोक्यात चारचा आकडा बसला. कॅमेरा पुन्हा सुरू होताच तिने चौथीही दिली.

"चौथी कशाला गं, पोरी? माझ्या नवऱ्यानं नाही कधी एवढ्या दिल्या!"

अख्ख्या सिनेमात न हसणारी नायिका खाली बसून हसू लागली. बाहेर पावासाठी ताटकळलेली रांग आत डोकावून आपापल्या माहेरच्या पाप्या मोजू लागली. शेवटी ओरेलियाँने स्वतः पुढे होऊन ह्युगेतला करून दाखवलं आणि घाईत तो दोनवरच थांबला.

"तुम्हीसुद्धा दोनच? मी काय घोडं मारलं तुमचं?"

ओरेलियाँने डोकं धरलं. "कॅमेरा या बाजूला घ्या! मावशींचा चेहरा दिसला, तर कुठे थांबतायत ते तरी कळेल मला."

पुढच्या खेपेला तीन पाप्या अशा बिनचूक झाल्या, की रांगेनेच टाळ्या वाजवल्या.

वसंतात गावच्या सभागृहात सिनेमा लागला. ह्युगेतचा हसरा चेहरा पडदाभर पसरला, नायिकेचा फक्त कान दिसला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

लग्नाआधी ह्युगेत बरीच वर्षं पॅरिसला टपाल कचेरीत नोकरीला होती.