ज्वालामुखीची ओटी

व्होल्कॅनोला मराठीत ज्वालामुखी म्हणायचं, हा निर्णय जीवनने पूर्ण शुद्धीत घेतला होता. (नंतर बऱ्याच जणांनी शंका घेतली, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.)

रविवारची दुपार होती. नवीन पनवेलच्या घरात कोलंबीचं कालवण पानात पडलं होतं आणि मे महिन्यात बालीला जायचं नक्की होत होतं. लेक रोशनी मोबाइलवरून वाचून दाखवत होती की बेटावर बीच आहेत, बाजाराची गावं आहेत आणि व्होल्कॅनोवर ट्रेकही आहे. ते काय असतं, असं आजीने विचारलं. रोशनी "डोंगर गं" म्हणून विषय संपवणार होती. तेवढ्यात जीवनचा मराठी बाणा जागा झाला. जासईच्या कंटेनर यार्डात तो हेडक्लार्क, दिवसभर इंग्रजी कागदांत बुडालेला, त्यामुळे घरी आल्यावर शुद्ध मराठीचा जरा अतिरेकच करायचा.

"ज्वालामुखी, आई," तो म्हणाला. "आपण ज्वालामुखी बघायला चाललोय."

कृष्णाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं मोऱ्याच्या बंदरावर मासळी विकलेली बाई; गिऱ्हाईक रडवलं असेल, पण स्वतः रडलेली जीवनला आठवत नव्हती. मोऱ्याच्या सत्यवतीमावशी एकदा यात्रा कंपनीबरोबर उत्तरेत जाऊन आल्या होत्या. तेल नाही, वात नाही, तरी खडकातून जळणारी ज्वालामुखी देवीची ज्योत त्यांनी पाहिली होती, फोटोही आणला होता. त्या फोटोपुढे कृष्णाबाईंनी नवस बोलला होता, आणि तो जीवनसाठी होता, हे त्याला ठाऊक होतं. कशाचा, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. सहाव्या वर्षी त्याला टायफॉइड झाला होता, तेव्हा विचारायचं काय? देवीने जीव वाचवला आणि चाळीस वर्षांत आपण आईला तिच्या पायरीशी नेलं नाही, ही टोचणी त्याला होतीच.

"येन मी," कृष्णाबाई एवढंच म्हणाल्या.

आता या क्षणी 'आई, ती देवी वेगळी, हे जमिनीला पडलेलं भोक वेगळं' असं सांगणारा माणूस शूर म्हणायचा. जीवनने उद्या सांगायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, जीवन यार्डात निघायच्या आतच, मोरा कोळीवाडा दारात हजर झाला. सत्यवतीमावशींच्या मागे वीस बायका, प्रत्येकीच्या हातात ओटी: खण, तांदूळ, सुपारी आणि नारळ. स्वतःला जाणं होत नाही, तेव्हा देवीची ओटी कृष्णीच्या हातून भरली जावी. जीवनने चहा दिला. एकवीस कप चहा देताना खुलासा करायला सवड मिळाली नाही.

"तुमची आई, तुमचा शब्द," बायको किशोरी म्हणाली. "तुम्हीच निस्तरा."

त्याने प्रयत्न केले. एकदा पाण्याचा तांब्या घेऊन आईसमोर बसला, तर तिने हात जोडून "पोरा, तुज्यामुलं" एवढं म्हटलं आणि त्याने तांब्याभर पाणी स्वतःच पिऊन टाकलं. एकदा दाराआडून सांगायला गेला, तर आत आई नसून किशोरी होती. मग आईचा पासपोर्ट आला, व्हिसा आला आणि सांगायचा मुहूर्त निघून गेला.

विमानात सामानाला वजनाची मर्यादा असते आणि नारळाला वजन असतं. एकवीस नारळ आत गेले आणि किशोरीचे बीचवर घालायचे सगळे कपडे बाहेर आले. तिने ते घडी घालून परत कपाटात ठेवले. बायको ओरडली तर निदान अंदाज येतो. ती घड्या घालू लागली की नवरा मनातून खचतो, तसा जीवन खचला.

बेटावर उतरण्याआधी मोबाइलवर एक फॉर्म भरायचा होता. सोबत फळं, बिया, वनस्पती आहेत का? जीवनने 'नाही' लिहिलं. दुसऱ्यांच्या मालाचे कागद तपासण्यात ज्याची बावीस वर्षं गेली, त्याने. पण त्याच्या लेखी नारळ हे पूजेचं सामान होतं, फळ नव्हतं. (श्रीफळ या शब्दातच फळ आहे, हे रोशनीने अधिकाऱ्यासमोर दाखवून दिलं.) अधिकारी सज्जन होता. त्याने एकवीस नारळ टेबलावर ओळीने मांडले आणि काचेबाहेर बोट दाखवलं. बाहेर नजर जाईल तिथवर माडच माड होते. बालीत नारळ कशाला आणले, असं त्याने फार काकुळतीने विचारलं. जीवनला नवसाचं इंग्रजी येत नव्हतं.

नारळ जप्त झाले, बाकीची ओटी वाचली.

त्यानंतरचे चार दिवस त्या कुटुंबाने जे पाहिलं, त्याला सहल म्हणणं जिवावर येतं. किशोरी आणि रोशनी काळ्या वाळूच्या बीचवर लाटांत खेळत होत्या आणि जीवन तिथल्या प्रत्येक टपरीवर शेंडीचा नारळ मागत होता. हिरवी शहाळी ढिगाने होती. सोललेले नारळही होते, पण गुळगुळीत. शेंडीचा एकही नाही. देवीला बोडका नारळ चालत नाही, एवढं त्याला समजत होतं. टपरीवाल्यांना शेंडी समजावी म्हणून तो डोक्यावर बोटं उभी करून दाखवायचा. एका गावात त्याला केस कापायच्या दुकानात नेऊन बसवलं. तिसऱ्या दिवशी त्याने न सोललेले नारळ विकत घेतले, एक कोयता मागून आणला आणि हॉटेलच्या स्विमिंग पूलकडेला बसून एकवीस नारळ शेंडी राखून सोलले. कृष्णाबाई शेजारच्या आरामखुर्चीवर पाय पसरून शहाळं पीत बघत होत्या. त्याच्या हाताला फोड आले. आपल्या हातून आईची फसवणूक होते आहे आणि तीही इतक्या मेहनतीने, या विचाराने त्याला रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून तो पूलमध्ये तोंड धुऊन आला.

पाचव्या दिवशी डोंगर. जीपने अर्ध्यावर सोडलं, पुढे पायवाट. कृष्णाबाई लुगड्याचा काष्टा आवळून गाईडच्या बरोबरीने निघाल्या. मागून किशोरी, रोशनी, आणि सर्वांत शेवटी पाठीवर ओट्यांचं पोतं घेतलेला जीवन. पायाखालची खडी सरकत होती. दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. गाईडने पोतं घेऊ का विचारलं, पण ते आपलं पाप आहे आणि आपणच वाहायला हवं, असं जीवनला वाटलं. सत्तरीची बाई वर पोचून बसली, तरी तो अजून खाली कुणाचं तरी नाव घेत होता. देवीचं असावं.

माथ्यावर खडकाच्या फटींतून वाफ येत होती. तेल नाही, वात नाही. तिथल्या लोकांनीही दगडावर फुलं, भात आणि उदबत्ती ठेवलेली होती. कृष्णाबाईंनी पदर सावरला, एकवीस ओट्या एकेकीचं नाव घेऊन मांडल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. ते पाहून जीवनचा धीर सुटला. चाळीस वर्षं वाट पाहिलेली आई परक्या डोंगरासमोर हात जोडते आहे आणि तिला इथे आणणारे आपण.

तो तिच्या पायाशी बसला. "आये," तो म्हणाला. शुद्ध मराठी खालीच राहिली होती. "आये, ही ती देवी नाय. मी खोटं बोललू. तुजा नवस फिटला नाय."

कृष्णाबाईंनी डोळे उघडले. "मना ठावं हाय. किशोरीनं पनवेललाच सांगलं. बाया येऊन गेल्या त्याच दिवशी."

जीवनने बायकोकडे पाहिलं. किशोरी गाईडने खडकाच्या वाफेवर उकडून दिलेलं अंडं सोलत होती.

"मंग तू बोलली का नाय? यवरे नारल..."

"बायांनी मनापासून दिल्या वट्या. आग तितं हाय, आग इतं हाय. वटी हिला चालंल. आन तू कवा सांगतंस, त्ये मी बगत व्हते."

"पन तुजा नवस? टायफाटाचा?"

"टायफाट डाक्टरनं बरा केला. त्याचे पैशे दिलंत मी." त्यांनी लेकाचे फोड आलेले हात हातात घेतले, त्यांवर फुंकर घातली. मग त्याचं रिकामं पोतं पाहिलं, ओळीने मांडलेल्या शेंड्या पाहिल्या आणि मायेने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माजा नवस येगला हाय, बाला. या पोराला अक्कल आली का तुज्या पायरीशी येन, असा बोल्लेली. तवा तिकडचं तिकीट इतक्यात काडू नको."